शौकाचं कडं

मासा धरून परत पाण्यात सोडणारी बाई मी साठ वर्षांत पहिल्यांदा पाह्यली, ती अरुणावतीच्या काठावर, आर्णीच्या पुलाच्या खालच्या अंगाले. बाई यवतमाळची, दातांची डॉक्टर, नाव अर्पिता. हिमाचलात कुठं फिराले गेलती, तिथून हा नाद घेऊन आलती. लांब लवचीक काठी, दोरीच्या टोकाले पिसांचा केलेला खोटा किडा, अन् तो किडा पाण्यावर असा नाचवायचा की माशाले वाटावं, जेवण आलं. मी सकाळची फिराले निघालती. मले मेलीले एक खोड आहे, नवीन काही दिसलं की पाय तिथून हलत नाहीत. अर्धा तास उभी राह्यली. मग पाण्यात खळबळ झाली, बाईनं दोरी आवरत आणली, तर चांगली हातभर मरळ. तिनं ती एका लहान हातजाळीत घेतली, हात ओला करून गळ काढला, मासा पाण्यातच थोडा वेळ धरून ठेवला अन् दिला सोडून.

माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, "अवो बाई, सुटली का सोडली?"

"सोडली," ती म्हणली.

"काहून?"

ती हसली. म्हणे, पाहायची होती, पाह्यली, आता तिचं घर तिले. माझ्या मनात आलं, लोकायचे दात उपटता उपटता बाईच्या डोक्याले काही झालं वाटते. आमच्या घरी मरळीचा रस्सा झाला तर बाबा दोन भाकरी जास्त खातात, अन् ही सोडून देते. पण बाई मोकळी होती. मी काठावर बसली अन् पन्नास प्रश्न विचारले. तिच्या हातजाळीचं प्लास्टिकचं कडं तडकलेलं होतं, तारेनं बांधलेलं. म्हणे, लाकडाची मिळते, पण आपल्याकडं कोणी करत नाही. फोनवर फोटो दाखवले. बाहेरदेशी लोक घरी बसून, नुसत्या शौकानं अशा जाळ्या करतात. एकच लाकडी पट्टी, बोटभर रुंद, पिंपळाच्या पानासारखी गोल वळवलेली, अन् दोन्ही टोकं मुठीत येऊन मिळालेली. कुठं सांधा नाही, खिळा नाही. सरळ लाकूड असं वळते कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. मी म्हटलं, तुमची जाळी मी करून पाहते, अन् तिचा फोन नंबर घेऊन घरी आली.

मी नलू. बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात शेतांचे नकाशे काढले. मोजणीवाले मापं आणत, मी कागदावर रेष ओढी. रेष सुताभर सरकली तर दोन भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, म्हणून सरळ रेषेची सवय माझ्या हाडापर्यंत गेलेली. लग्न केलं नाही. दोन-तीन ठिकाणं आलती, पण माझ्या जिभेपुढं कोणी टिकणार नाही, हे मलेच आधी समजलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. घरात मी अन् माझे बाबा, उकंडा. वय शहाऐंशी, नजर अधू, कान मात्र तिखट.

बाबाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी मले कधी 'नको' म्हटलं नाही. आठवीत सायकल मागितली, तेव्हा आमच्या खेड्यात पोरीनं सायकलवर बसायची पद्धत नव्हती. बाबा म्हणले, चालव. पुसदले कॉलेजात राहीन म्हटलं, तर म्हणले, राहा. लग्न करत नाही म्हटलं, तर म्हणले, बरं. उलट मीच त्यायले दिवसातून वीस वेळा नको नको करते. साखर नको, बिडी नको, उन्हात बसू नका.

तर घरामागच्या सपरीत, पडवीत, मी दुकान मांडलं. रंधा, पटाशी, कानस, दोन शिकंजे आणले. व्हिडिओ पाहून समजलं की लाकडाले वाफ दिली म्हणजे ते वाकते. वाफेसाठी कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक बोअरच्या प्लास्टिक पाइपात, अन् पाइपात पट्टी. पहिल्याच दिवशी लाकूड जसंच्या तसं राह्यलं अन् पाइप वाकला. बाबा बाजेवर बसून पाहत होते. ते इतके हसले की ठसका लागला. शेजारीण म्हणली, बाईमाणसानं रंधा धरायचा का? मी म्हटलं, का, रंध्याले मिशा लागतात का धराले?

मग पत्र्याचा पाइप आणला. आरामशीनवाल्या बाबूसिंगकडं गेली. त्याच्या वावराचा नकाशा माझ्याच हातचा, म्हणून तो मले मान देते. तो म्हणला, ताई, वाकवाचं असंल तर धामण घ्या. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. कुऱ्हाडीचे दांडे करतात त्याचे, अन् जुन्या काळी धनुष्य करत. दोन वर्षं वाळलेली फळी त्यानं काढली. मी पट्टी ठेवून पेन्सिलीनं रेषा मारल्या, अन् त्यानं माझ्या रेषेवरून मशीन चालवली. एकेक पट्टी अशी सरळ की ऑफिसात फ्रेम करून लावावी.

आधी हात बसावा म्हणून मी बांबूची कांब घेतली अन् बादलीभोवती वळवून कडं केलं. बांबू काय, गरीब असते, लगेच वळला. मले इतका आनंद झाला की ते कडं वाळायले म्हणून समोरच्या खोलीत आणून टांगलं. बाबा जेवत होते. हातातला घास हातातच राह्यला. कड्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् म्हणले, "नलू, हे घरात नको."

मले वाटलं, मी काही भलतंच ऐकलं. विचारलं, काहून? त्यांनी ताटात हात धुतला अन् उठले. दुसऱ्या दिवशी म्हणले, माही बाज समोर टाक. त्या दिवसापासून सपरीत त्यांचं पाऊल नाही. चहासुद्धा तिथं घेईनात.

आता मी अशी बाई की कोर्टाच्या दाव्यातही, कोणाचा बांध कोणी कोरला हे समजल्याशिवाय मले झोप लागायची नाही. इथं तर माझाच बाप. मी अंदाज बांधत बसली. मासे मारायची वस्तू म्हणून नको असंल का? पण बाबा मासे आवडीनं खातात. पैशाची उधळपट्टी वाटत असंल का? माझी पेन्शन, त्यांनी कधी विचारलंही नाही. बाईमाणसानं सुतारकी करायची नाही, असं? ज्या माणसानं मले सायकल घेऊन दिली, तो असं म्हणंल का? बरं, रंध्याचा त्यायले राग नव्हता, मुठीचा नव्हता, वाफेचा नव्हता. राग फक्त गोल कड्याचा. एका गोलाचा माणसाले काय राग येऊ शकते, हे काही केल्या उलगडेना.

सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमेना. बाबाले दुखवायचं नव्हतं, जगात तेवढं एकच माणूस माझं. अन् जन्मात पहिल्यांदा कोणाच्या हुकमाशिवाय काही करावंसं वाटलतं, तेही हातातून सुटत नव्हतं. कडं घरात आणायचं नाही, सपरीतच ठेवायचं, अशी मी मनाशी पळवाट काढली. हे दोन्हीकडून वागणं झालं, मले समजत होतं, पण समजून काय होते?

अन् कडं तरी कुठं होत होतं. धामणीची पट्टी अर्धा तास वाफेत ठेवली, ओढून बादलीवर वळवली, अर्धगोल झाला की कडाड. दुसरी, कडाड. वाफ वाढवली, पट्टी बारीक केली, मिठाच्या पाण्यात भिजवली, एका व्हिडिओवाल्याच्या सांगण्यावरून तेलही लावलं. अकरा पट्ट्या मोडल्या. अन् प्रत्येक वेळी मी एक गोष्ट पाह्यली. सपरीत कडाड झालं की समोरच्या खोलीतला रेडिओ बंद होत होता. थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा, आवाज आधीपेक्षा मोठा.

मी बाबूसिंगवर जाऊन तापली. म्हटलं, तुझं लाकूडच कुचकं. तो बिचारा तुकडे हातात घेऊन पाहत बसला. म्हणला, लाकूड चांगलं आहे ताई, पण हे काम मशीनीवाल्याचं नाही. आधी डफड्याची कडी करणारे होते, त्यायले येत होतं. आता कोणी राह्यलं का, ठाऊक नाही.

डफडं म्हणजे लाकडी कड्यावर कातडं ताणलेलं वाद्य. लग्न, पोळा, मयत, सगळ्यापुढं वाजायचं. आमच्या लोकायनं ते बौद्ध झाल्यावर टाकलं, एवढं मले ठाऊक होतं. शाळेत असतानी ऐकलेलं, की आधी आपल्या लोकायले वाजवावं लागे. पण आमच्या घरात त्याचा विषय कधी निघाला नाही, अन् मले त्याबद्दल कधी विचारावंसंही वाटलं नाही. इतकी चौकस बाई मी, अन् नेमकं घरातलंच विचारलं नाही.

बाबाची धाकटी बहीण, तानाबाई, घाटंजीले राहते. वय ऐंशी, पण तिकडच्या गावागावातली माणसं तिले नावानिशी ठाऊक. म्हटलं, तिले विचारू, कडी करणारा एखादा म्हातारा तिकडं उरला असंल तर जाऊन भेटू. बाबाले सांगितलं, आत्याले भेटून येते, अन् सकाळची एसटी धरली.

आत्या अंगणात तूर निवडत बसलती. चहा झाला, गुडघे झाले, सुना झाल्या. मग मी माझं काढलं. लाकडाचं कडं करते आहे, शौक म्हणून, मोडून राह्यलं, कोणी डफड्याची कडी करणारं तुह्या ओळखीत आहे का? आत्याचा हात सुपातच थांबला.

"तुले उकंडानं काई सांगतलं नाई?" ती म्हणली.

"काय सांगायचं?"

"अवं, दहा गावात कडी करत होता थो. आपल्या बाच्या हाताखाली शिकला. बाले वाजवता येये, पण कडं करावं तं उकंडानंच. सोळा-सतरा वर्साचा असंल. लोक लांबलांबून येत."

मग आत्यानं सगळं सांगितलं. पोळ्याले, लग्नाले आजोबा पाटलाच्या दारापुढं, बाहेरच, तासन्‌तास वाजवायचे. थांब म्हटलं की थांबायचं, वाजव म्हटलं की वाजवायचं. उन्हात, पावसात, अंगात ताप असला तरी. वरून शिळं अन्न मिळायचं, तेही लांबून टाकलेलं. नागपूरच्या दीक्षेनंतर पुढच्या वर्षी आमच्या खेड्यात दीक्षा झाली. बैठक बसली. ठरलं की डफडं वाजवायचं नाही, शिळं आणायचं नाही. सगळी डफडी गोळा करून जाळली. बाबाजवळ तेव्हा चौदा कडी होती, कातडं न चढवलेली, नुसती लाकडाची. बुढे माणसं म्हणले, उकंडा, हे राहू दे, चाळण्या होतील याच्या. बाबा एकोणीस वर्षांचे. कोणाचं ऐकलं नाही. अंगणात बसले, कुऱ्हाड घेतली अन् एकेक कडं तोडलं.

"म्या मोजली," आत्या म्हणली. "चौदा येळा कडाड झालं. तवापासून त्यानं कड्याचं नाव काढलं नाई. त्या वर्सी आपल्याले कोणी वावरात कामाले बलावलं नाई. कण्या खाल्ल्या. दुसऱ्या गावचे लोक यायचे, म्हणायचे, एखादं कडं करून दे, कोणाले सांगत नाई. त्यानं नाई केलं."

एसटीत मी खिडकीशी बसली अन् मले स्वतःचाच इतका राग आला की सांगता येत नाही. अकरा पट्ट्या. अकरा वेळा मी त्या माणसाले तो आवाज ऐकवला. अन् वरून अंदाज बांधत होती, पैशाचा राग आहे का, माशाचा राग आहे का. मन इतकं भरून आलं की शेजारची बाई म्हणली, काय झालं वं? मी म्हटलं, काही नाही, धूळ गेली डोळ्यात.

घरी आली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आवरलं. मोडक्या पट्ट्या, बांबूचं कडं, पत्र्याचा पाइप, सगळं पोत्यात भरलं. अर्पिताबाईले फोन करून सांगितलं, माझ्यानं होत नाही, तुम्ही दुसरीकडं पाहा. ती म्हणली, घाई नाही ताई. मी म्हटलं, घाईचा प्रश्न नाही. अन् फोन ठेवला. बाबाले काही बोलली नाही. काय बोलायचं? त्यांनी जे सदुसष्ट वर्षं तोंडातून काढलं नाही, ते मी चहा देता देता काढू?

आठ दिवस गेले. सपरी झाडून लख्ख. रेडिओ दिवसभर एकाच आवाजात चालू. नवव्या दिवशी दुपारी मी भांडी लावत होती, तर काठी टेकत टेकत बाबा मागं आले. सपरीभर नजर फिरवली. पोत्याले काठीनं ढोसलं.

"काहून बंद केलं?" म्हणले.

मी म्हटलं, मन भरलं.

"लबाडी नको करू. तुले येत नाई थे."

मग मी सांगितलं, घाटंजीले आत्यानं सगळं सांगितलं. बाबा म्हणले, तानीच्या पोटात काही राहत नाही. मले वाटलं, आता निघून जातील. पण त्यांनी मले म्हटलं, बाज आण. मी बाज आणून टाकली. ते बसले अन् माझ्याकडं असं पाह्यलं की मले लहानपणी मार बसायच्या आधीचा क्षण आठवला. खरं म्हणजे त्यांनी मले कधी मारलं नव्हतं.

"मंग?" ते म्हणले. "तानीनं सांगतलं म्हून तू सोडलं?"

"तुमाले तरास होते म्हणून."

"माह्या तरासाचं मी पाहीन. आयक. आमी वाजवत होतो थे लोकायच्या सांगण्यानं. उभं राहा, वाजवा, शिळं घ्या, जा. कडं करतं का नाई करत, हे मले कोणी कधी इचारलंच नाई. तोडलं, थे मात्र कोणाच्या सांगण्यानं नाई तोडलं. थे पह्यलं काम, माह्या मनानं केलेलं. आता तू सांग. तुले कोणी सांगतलं का, कडं वाकव म्हून?"

"कोणी नाही."

"न्याले येते का कोणी? उभं राहाव लागते का कोणाच्या दारात?"

"नाही बाबा."

"मंग सोडलं कायले?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुमीच तर म्हणले, घरात नको. आठवते का? घास टाकून उठले.

बाबानं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. अन् मग हळू म्हणले, "म्हणलो. चुकलं माह्यं. मले वाटलं, माह्या पोरीच्या हातात हे आलं कसं? कोणी देल्लं तिले हे काम? मी तं सगळी तोडली होती." मग म्हणले, "आपल्यात कोणी शौकापायी लाकूड वाकवलेलं म्या अजून पाह्यलं नाई. तू पह्यलीच."

मी पदरानं तोंड पुसलं अन् भांड्यांकडं वळली, काही कारण नसताना. माझ्या मागून ते म्हणले, ते मोडके तुकडे काढ.

पोतं उपडं केलं. बाबाले नीट दिसत नाही, म्हणून एकेक तुकडा डोळ्यापुढं धरायला लावला. हात त्यांनी लावला नाही. म्हणले, मी हात लावणार नाही, कडी तोडली तेव्हा घेतलेली ती शपथ माझी आहे, तुझी नाही. मी सांगतो, तू कर. अन् मग त्यांनी माझी चूक मले दाखवली. पट्टी मोडली तिथं पाहा, म्हणले, लाकडाचा धागा तिरपा चालला आहे अन् तुझी रेष सरळ. करवत तुझ्या रेषेनं गेली अन् लाकडाचा धागा जागोजागी कापत गेली. हे वाकवताना मोडलं नाही, तू कापलं तेव्हाच मोडलं. धामण कापायची नाही, फाडायची. वाळलेली नाही, ओली. मग ती स्वतःच्या धाग्यानं फाटते, अन् धागा साबूत राह्यला की वाफही लागत नाही.

बत्तीस वर्षांची माझी सरळ रेष, अन् तिनंच माझा घात केला. मले हसू आलं. बाबाही हसले. मग त्यांच्यातलाही चौकस माणूस जागा झाला. विचारलं, हे करायचं तरी कशासाठी? मी अर्पिताबाईचं सांगितलं, पिसाचा किडा, मरळ, अन् मासा परत सोडणं. त्यांचा विश्वास बसेना. म्हणले, सोडते? कायले? त्या बाईले भूक लागत नाही का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पुन्हा विचारलं, मासा सोडला की तो लगेच पळते का थोडा थांबते? मी म्हटलं, थांबते. तर म्हणले, अस्सं.

धावजी राठोडच्या बांधावर धामण होती. तो माझ्या ओळखीचा. त्यानं मनगटाएवढी ओली फांदी तोडून दिली, सरळ, बिनगाठीची. बाबा बाजेवर, मी खाली. मधोमध कुऱ्हाडीचं पातं ठेवून वरून ठोकलं. बाबा सांगत होते, दोन्ही भाग सारखे पाहिजेत, नाही तर फाट एका अंगाले पळते. अर्ध्याचं पुन्हा अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं. फाडलेली पट्टी वाकडी-तिकडी दिसे, मले पाहवेना. मी रंधा उचलला की बाबा ओरडायचे, सरळ करू नको तिले, जाते तशी जाऊ दे. मग विळ्यानं तासणं. जाड तिथं वळणार नाही, बारीक तिथं मोडंल. डोळ्यानं नको पाहू, म्हणले, वाकवून पाहा, हात सांगते.

पहिली पट्टी माझ्या घाईनं गेली. कडाड झालं तशी मी दचकून बाबाकडं पाह्यलं. ते म्हणले, माझ्याकडं काय पाहते, दुसरी घे. अर्पिताबाईले मी पुन्हा फोन केला, थांबा थोडं.

तिसऱ्या दिवशीची पट्टी वेगळीच होती. मी ती गुडघ्यावर घेऊन हळूहळू फिरवत होती, साल बाहेरच्या अंगाले, बाबाच्या सांगण्याप्रमाणं. ती वळत गेली. अर्धगोलाच्या पुढं गेली, जिथं आजवर एकही गेली नव्हती. दोन्ही टोकं जवळ जवळ येऊन शेवटी एकमेकांले लागली. अन् तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोन्ही हातांत दोन टोकं आहेत, अन् बांधायची दोरी बाजूले पडली आहे.

ओलं लाकूड जोरात मागं ओढत होतं. एक हात सोडला तर टोक उसळून पट्टी फाटणार. गुडघ्यानं दाबून पाह्यलं, सरकायले लागली. शेजारणीले हाक मारावी तर ती बाजारात गेलती. माझ्या बोटायले कळ लागली. समोर हातभर अंतरावर बाबा, काठीवर हात ठेवून बसलेले. मी त्यायले काही म्हटलं नाही. त्यांच्याकडं पाह्यलंही नाही. कडं गेलं तर जाऊ दे, पण ते मागायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं अन् दात आवळले.

काठी खाली पडल्याचा आवाज आला. बाबा बाजेवरून उतरून माझ्यापुढं बसले, अन् त्यांच्या दोन्ही हातांनी माझ्या बोटांवरून ती टोकं धरली. वाळकी बोटं, पण पकड अशी की मले माझे हात काढून घेता आले.

मी म्हटलं, "बाबा, तुमची शपथ."

"दोरी घे," ते म्हणले. "बांध."

मी बांधली. सात वेढे घातले, गाठ मारली, पुन्हा दुसरी मारली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी गाठ पक्की बसली. म्हटलं, झालं बाबा, सोडा आता. त्यांनी सोडलं नाही. कडं मांडीवर घेतलं अन् डोळे मिटून अंगठा त्याच्यावरून फिरवत राह्यले, एक फेरा, मग दुसरा. मुठीच्या डावीकडं त्यांचा अंगठा थांबला.

"अठी जाड राह्यलं," म्हणले. "उद्या घासू."